रोहितच्या जागेविषयी, मित्रास

कोल्हापूर,
दि. २८ जानेवारी २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. रोहित शर्माला कसोटी संघातून वगळावे असे मी फोनवर म्हणालो ते तुझ्या मनाला लागले आहे, हे पहिल्या ओळीपासूनच कळते. ज्याने सात महिन्यांपूर्वी बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषक उंचावला त्याचे उपकार आपण इतक्या लवकर कसे विसरलो, असे तू विचारतोस. तू बोरिवलीत राहतोस, तो जिथे खेळत मोठा झाला तो परिसर रोज पाहतोस, त्यामुळे तुझा जीव त्याच्यात अधिक गुंतलेला असणार. पण माझाही आहे. २०१९ मध्ये विशाखापट्टणमला पहिल्यांदाच कसोटीत सलामीला येऊन त्याने दोन्ही डावांत शतके ठोकली, आणि २०२१ मध्ये ओव्हलवर परदेशातले पहिले कसोटी शतक षटकार मारून पूर्ण केले, तेव्हा आपण दोघे किती वेळ फोनवर बोलत होतो ते आठव. म्हणूनच फोनवर जे तुटक बोलले गेले ते सविस्तर लिहितो.

परवा रविवारी प्रजासत्ताक दिन होता, आणि त्या दिवशी जिलेबी घेतल्याशिवाय कोल्हापूरकर घरी जात नाही हे तुला सांगायला नको. रांगेत चर्चा एकच होती, कारण आदल्या दिवशी रणजी सामन्यात जम्मू-काश्मीरने मुंबईला मुंबईतच पाच गडी राखून हरवले होते आणि रोहितच्या धावा होत्या ३ आणि २८. एक जण त्याच्या पोटावर बोलत होता, दुसरा पैशावर, आणि तिसरा म्हणत होता की रोहितबद्दल जो बोलेल त्याला क्रिकेट कळत नाही. मला या तिघांच्याही बोलण्याचा सारखाच त्रास झाला. खेळाडूच्या शरीराची थट्टा करणाऱ्यांनी त्याचा खेळ पाहिलेला नसतो, आणि त्याच्याविषयी अवाक्षर काढू न देणाऱ्यांना तो पाहायचा नसतो.

खेळ पाहू. गेल्या सप्टेंबरमध्ये बांगलादेशाची मालिका सुरू झाल्यापासून कसोटीतले त्याचे १५ डाव झाले आणि त्यांत मिळून १६४ धावा झाल्या, म्हणजे सरासरी ११ सुद्धा नाही. अर्धशतक एकच, बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्धचे ५२. ऑस्ट्रेलियात पाच डावांत ३१. तू म्हणशील की असा काळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो, आणि केवळ आकड्यांचा प्रश्न असता तर मीही तुझ्या बाजूने उभा राहिलो असतो. मला भीती वाटते ती तो बाद कसा होतो ते पाहून. पुल हा त्याचा हक्काचा फटका. आखूड टप्प्याचा चेंडू त्याच्याइतका लवकर ओळखणारा फलंदाज आपल्याकडे क्वचितच झाला असेल. तोच फटका मुंबईत मॅट हेन्रीला आणि मेलबर्नला पॅट कमिन्सला खेळताना चुकला आणि सोपा झेल गेला. मेलबर्नच्या दुसऱ्या डावात त्याने फटके आवरून ४० चेंडू खेळून काढले, तरी ९ धावांवर पुन्हा कमिन्सलाच बळी दिला. मारायला गेला तरी बाद आणि थांबला तरी बाद, अशी अवस्था झाली की ती वाईट काळापेक्षा खोल काहीतरी सांगत असते. चेंडू बॅटच्या आधी पोहोचू लागला आहे, असे मला वाटते.

इंग्लंडविरुद्ध राजकोटला १३१ आणि धर्मशाळेला १०३ करून अजून वर्षही झालेले नाही, हा तुझा मुद्दा मी बाजूला सारत नाही. पण राहुल द्रविडचे २०११ साल आठव. इंग्लंडमध्ये बाकी सगळे कोसळत असताना त्याने चार कसोटींत तीन शतके काढली. काही महिन्यांतच ऑस्ट्रेलियात आठ डावांत १९४ धावा, आणि त्यांत सहा वेळा त्रिफळाचीत. ज्याला आपण भिंत म्हणत होतो त्याच्या बॅट आणि पॅडमधून चेंडू आत जात होता. मार्च २०१२ मध्ये त्याने स्वतः होऊन निवृत्ती जाहीर केली. वय झाल्याची चाहूल हळूहळू लागेल असे आपण धरून चालतो, पण ते एका दौऱ्यातसुद्धा येऊन उभे राहते. रोहित येत्या एप्रिलमध्ये ३८ वर्षांचा होईल.

आणि एका मोठ्या खेळाडूला सांभाळताना बाकीच्यांचे काय होते, याबद्दल तुझ्या पत्रात एक शब्दही नाही. ऑस्ट्रेलियात पहिल्या कसोटीत, पर्थला, रोहित नव्हता, के. एल. राहुल आणि यशस्वी जयस्वाल यांनी दुसऱ्या डावात २०१ धावांची सलामी दिली आणि सामना २९५ धावांनी जिंकला. पुढच्या दोन कसोटींत रोहित समजूतदारपणे सहाव्या क्रमांकावर खेळला, हे त्याच्या मोठेपणाला शोभणारे होते. तिथे धावा होईनात म्हणून मेलबर्नला तो सलामीला परतला, ब्रिस्बेनला सलामीला येऊन ८४ धावा काढणाऱ्या राहुलला तिसऱ्या क्रमांकावर जावे लागले आणि शुभमन गिल संघाबाहेर बसला. राहुलने तिथे २४ आणि ० केल्या. एका माणसासाठी सगळी फळी हलली. बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध १५० करणारा सरफराज आणि सलामीवीर अभिमन्यू ईश्वरन त्या दौऱ्यात एकही कसोटी न खेळता परत आले.

उपकाराची भाषा मला म्हणूनच पटत नाही. उपकार आपल्या सगळ्यांवर झाले, त्यांची फेड मात्र बाकावर बसलेल्या दुसऱ्याच कोणाच्या जागेतून का व्हावी? कोल्हापूरकरांनी तरी हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण भाऊसाहेब निंबाळकर आपल्याच गावचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ते ४४३ धावांवर नाबाद होते, ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम ९ धावांवर होता, आणि प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामनाच सोडून दिला. रणजी स्पर्धेतला तो डाव आजही सर्वांत मोठा आहे. प्रथम श्रेणीत जवळपास ४८ ची सरासरी राखणाऱ्या या माणसाला भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. ते २०१२ साली इथेच वारले. त्यांना संघात घेण्यासाठी कोणाला वगळायला हवे होते, हा हिशेब आज मांडता येणार नाही. पण अकरा जागांपैकी एक जागा किती मोलाची असते, हे त्यांच्या गावात राहून मी विसरू शकत नाही. आज करुण नायर विजय हजारे स्पर्धेत पाच शतके ठोकून वाट पाहतो आहे. चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ केल्यानंतर काही कसोटींतच त्याला संघाबाहेर काढले होते. त्याच्याविषयी तुला उपकार का आठवत नाहीत?

सिडनीच्या शेवटच्या कसोटीत रोहित स्वतः बाहेर बसला आणि दुसऱ्या दिवशी मुलाखतीत त्याने सरळ सांगितले की आपल्या धावा होत नाहीत, संघाला सामना जिंकायचा आहे, म्हणून थांबलो. निवृत्ती घेतलेली नाही. मी ती मुलाखत ऐकली तेव्हा माझा त्याच्याविषयीचा आदर वाढला. पण हा निर्णय त्याच्यावर का पडावा? आपल्या तालमींत पैलवानाला ‘आता ही जोड घेऊ नकोस’ असे वस्ताद बाजूला घेऊन सांगतो. ते त्याने स्वतः ओळखावे आणि मैदानात जाहीर करावे अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. अजित आगरकर आणि त्यांच्या निवड समितीने हे काम करायला हवे. रणजी खेळण्याची सक्ती हा त्याला पर्याय नाही. एका सामन्यात ३ आणि २८ यांवरून काहीच ठरत नाही, आणि तिथे शतक झाले असते तरी कमिन्सच्या चेंडूचे उत्तर त्यात मिळाले नसते.

वगळणे म्हणजे शेवट, असे तू धरून चालला आहेस, म्हणून सौरव गांगुलीची आठवण देतो. त्याला संघातून काढले तेव्हा कोलकात्यात किती संताप झाला होता! तो देशांतर्गत सामने खेळत राहिला, डिसेंबर २००६ मध्ये जोहान्सबर्गला नाबाद ५१ करून परतला, आणि पुढच्याच वर्षी बंगळुरूला पाकिस्तानविरुद्ध २३९ केल्या. रोहितला तो रस्ता खुला राहावा, आणि तो चालून आला तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही.

एकदिवसीय सामन्यांत मात्र आपले मतभेद नाहीत. २०२३ च्या विश्वचषकात पहिल्या षटकापासून धोका पत्करत त्याने ५९७ धावा केल्या, गेल्या ऑगस्टमध्ये श्रीलंकेत बाकीचे चाचपडत असताना ५८ आणि ६४ काढल्या. पुढच्या महिन्यातल्या चॅम्पियन्स करंडकात त्यानेच नेतृत्व करावे. पांढऱ्या चेंडूवर त्याला पहिल्या दहा षटकांत जे स्वातंत्र्य असते, ते कसोटीत पहिल्या सकाळी कधीच मिळणार नाही.

आता तू उत्तर लिहिशील तेव्हा प्रेमाचा भाग मी गृहीत धरला आहे असे समज आणि एवढेच सांग: २० जूनला लीड्सला इंग्लंड दौऱ्यातली पहिली कसोटी सुरू होईल तेव्हा यशस्वीबरोबर रोहितला पाठवायचे असेल, तर राहुलला कितव्या क्रमांकावर खेळवशील, आणि गिल, सरफराज, करुण यांपैकी कोणाला बाहेर बसवशील? पूर्ण अकरा नावे क्रमाने लिहून पाठव. माझी यादी तयार आहे, तुझी आली की पाठवतो.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
कोल्हापूरचा मित्र