वाटलेल्या साधनांची नव्हे, बदललेल्या दिवसाची नोंद हवी

महोदय,

ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी शिबिर झाले की चाकाच्या खुर्च्या, श्रवणयंत्रे व काठ्या किती वाटल्या याचा आकडा दुसऱ्या दिवशी जाहीर होतो आणि त्यावरच कार्यक्रम यशस्वी ठरतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना ही साधने, तसेच चष्मे आणि कवळ्या मोफत मिळतात, ही सोय मोठीच आहे. पण सहा महिन्यांनी त्यांचे काय झाले, हे पाहायला सहसा कोणी फिरकत नाही. आमच्या भागात उंच उंबरठ्यामुळे खुर्ची ओसरीवरच अडकते आणि तिच्यावर वाळवणाची पोती चढतात. श्रवणयंत्राचा सेल संपला की तो आणायला तालुक्याला कोण जाणार, म्हणून यंत्र डबीत जाते. कागदावर मात्र ती आजी ‘लाभार्थी’च राहते.

मोजमापासाठी नवी समिती नेमण्याची गरज नाही. आशा सेविका घरोघरी भरतात त्या तपासणी तक्त्यात साठी ओलांडलेल्यांसाठी नेमके प्रश्न आहेत: उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, जेवण, अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरायला होतो का. हेच प्रश्न त्याच व्यक्तीला वर्षभराने पुन्हा विचारून दोन्ही उत्तरे शेजारी ठेवावीत. वयोमानाने प्रकृती ढासळणारच, त्यामुळे सेवा न पोहोचलेल्या एखाद्या गावातील उत्तरेही सोबत हवीत. अन्यथा चांगले काम नापास ठरेल. जे अंथरुणाला खिळल्यामुळे शिबिरापर्यंत आलेच नाहीत, त्यांना तर आधी यादीत घ्यायला हवे. सांभाळणारीलाही, म्हणजे बहुधा सुनेला किंवा स्वतः साठीला आलेल्या पत्नीला, रात्री किती वेळा उठावे लागते आणि रोजंदारी किती बुडते हे विचारावे. आज तिचा रकाना कुठेच नाही. मात्र हे काम आशांकडे सोपवायचे, तर नवजात बाळाच्या गृहभेटींसाठी ठरला आहे तसा मोबदलाही ठरवावा. फुकटच्या कामातून खरी नोंद मिळत नाही.

याला कायद्याचा आधारही आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५ ने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे आणि कलम ४८ नुसार दिव्यांगांशी संबंधित योजनांचे सामाजिक अंकेक्षण, म्हणजे योजनेचा लोकांवर प्रत्यक्ष काय परिणाम झाला याची तपासणी, शासनाने करायची आहे. ग्रामपंचायतींनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या ५ टक्के निधीपासून त्याची सुरुवात करता येईल. अंकेक्षणाच्या गटात स्वतः दिव्यांग व्यक्ती आणि घरी रुग्ण सांभाळणाऱ्या स्त्रिया असाव्यात, अहवाल ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, आणि निदान ती ग्रामसभा तरी पायऱ्या चढून जावे लागेल अशा इमारतीत घेऊ नये.

– एक वाचक, कराड (जि. सातारा)