स्पार्टाचे धान्य पिकवणारे मेसेनियन

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत प्राचीन ग्रीसमधील स्पार्टा या नगरराज्याच्या सैनिकी शिस्तीवर आलेला लेख वाचला. स्पार्टाच्या नागरिकाने शस्त्राखेरीज दुसरे काही हाती धरू नये, असा तिथला दंडक होता, हे त्यात कौतुकाने सांगितले आहे; पण मग त्याच्या घरी धान्य येत होते कुठून, हा प्रश्न लेखात आलेला नाही. त्यातले बरेचसे टायगेटस डोंगराच्या पश्चिमेकडील मेसेनियातून येत असे आणि ते पिकवणारे लोकही ग्रीकच, स्पार्टासारखीच डोरियन बोली बोलणारे होते. त्यांच्याविषयी चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही.

इ.स.पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पार्टाने हा सुपीक प्रदेश घेतला आणि पुढच्या शतकातला मोठा उठाव मोडून काढल्यावर तिथल्या बहुतेकांना हेलॉट, म्हणजे जमिनीला जखडलेले वेठबिगार, करून टाकले. जड ओझ्याखाली पिचलेल्या गाढवांप्रमाणे हे लोक पिकाचा अर्धा वाटा धन्याला नेऊन देतात, असे वर्णन टर्टियस या कवीने केले आहे. तो खुद्द स्पार्टाचा कवी होता, म्हणूनच त्याच्या साक्षीचे मोल मला अधिक वाटते. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या काळातला एक प्रसंग तर अंगावर काटा आणतो. युद्धात सर्वाधिक पराक्रम केलेल्या हेलॉटांनी पुढे यावे, त्यांना मुक्त केले जाईल, अशी दवंडी स्पार्टाने पिटली. सुमारे २,००० जण निवडले गेले, डोक्यावर फुलांचे मुकुट घालून त्यांनी देवळांना फेरी घातली आणि थोड्याच दिवसांत ते सगळे नाहीसे झाले. त्यांना कसे मारले हे कोणालाच कळले नाही, असे त्या काळचा ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो.

अशा लोकांनी जपलेल्या दंतकथा वाचताना मन भरून येते. त्यांचा वीर अ‍ॅरिस्टोमेनीस पकडला गेला, तेव्हा पन्नास साथीदारांसह त्याला केआडास नावाच्या खोल दरीत लोटण्यात आले. बाकीचे सगळे मेले. हा एकटा वाचला आणि तोंडावर अंगरखा ओढून मरणाची वाट पाहत पडून राहिला. तिसऱ्या दिवशी खुडबुड ऐकू आली म्हणून त्याने पाहिले, तर एक कोल्हा प्रेतांवर तोंड टाकत होता. त्याने एका हाताने कोल्ह्याला धरले, तो चावायला वळला की दुसऱ्या हाताने अंगरखा पुढे करायचा, असे करत अंधारात त्याच्यामागे फरफटत गेला, आणि जिथून उजेडाची तिरीप येत होती ते बीळ हातांनी उकरून बाहेर पडला.

या कथांना आज दिसते ते रूप बरेच नंतर, मेसेनिया स्वतंत्र झाल्यावर आले, असे अनेक अभ्यासक मानतात. ते मला पटते. पण त्यामुळे कथेचे महत्त्व उणे होत नाही. आपला पूर्वज हरला असला तरी शरण गेला नव्हता, हे मुलाबाळांना सांगण्याची गरज त्या लोकांना किती तीव्रतेने वाटत होती, तेच तिच्यातून कळते.

इ.स.पू. ४६४च्या सुमारास स्पार्टात भीषण भूकंप झाला, तेव्हा हेलॉटांनी पुन्हा उठाव केला आणि मेसेनियातील इथोमी डोंगरावर काही वर्षे तळ ठोकला. शेवटी देश सोडण्याच्या अटीवर ते उतरले आणि अथेन्सने त्यांना नॉपॅक्टस या बंदरात वसवले. त्यांनी आणि नॉपॅक्टसकरांनी शत्रूकडून मिळालेल्या लुटीच्या दशांशातून उभारलेली, पायोनिओसने घडवलेली विजयदेवतेची मूर्ती आजही ऑलिम्पियाच्या संग्रहालयात आहे. थीब्ज या ग्रीक नगरराज्याने इ.स.पू. ३७१मध्ये ल्युक्ट्रा येथे स्पार्टाचा पराभव केला आणि दोन वर्षांनी थीब्जचा सेनापती एपामिनोंडास याने इथोमीच्या पायथ्याशी मेसेनी हे नवे नगर वसवून ठिकठिकाणी पांगलेल्या मेसेनियनांना परत बोलावले. एवढ्या पिढ्या परमुलखात काढूनही त्यांची डोरियन बोली शाबूत होती, असे प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पौसानियस नमूद करतो.

त्या नगराभोवतीची सुमारे नऊ किलोमीटरची तटबंदी बऱ्याच ठिकाणी अजून उभी आहे. स्पार्टावर आपण पुन्हा लेख छापाल, तेव्हा थर्मोपिली या स्पार्टाच्या गाजलेल्या रणभूमीच्या छायाचित्राशेजारी या तटबंदीचेही छायाचित्र द्यावे आणि हेलॉटांचा उल्लेख एका ओळीत उरकू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक