सरांची स्केचेस

प्रिय संज्या,

इकडे सगळे बरे आहेत, माझा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, बाकी काही नाही. फोनच करणार होतो पण फोनवर तू मध्येच तोडतोस, आणि हे मला पूर्ण सांगायचंय.

काकूंनी सरांची ती बंदाची फाइल माझ्याकडे दिली. खिडकीतल्या बाईचं चित्र आठवतंय ना, सर नुसतं बोलायचे, कधी केलं नाही? त्याची कच्ची स्केचेस त्यात आहेत, आणि काकू म्हणतात तू पुरं कर. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

एक स्केच पेन्सिलचं, इतकं फिकं की कागद उजेडात तिरका धरावा लागतो. शेडिंग नाही, ऊन जिथे पडतं तिथे फक्त कडा आखून आतला भाग कोरा, रबर कुठेच फिरवलेलं नाही. म्हणजे वॉटरकलरच. तिथे पांढरा म्हणजे कागदच, तो कुठे राखायचा हे आधीच ठरायला हवं, आणि रबर घासलं की कागदाचा थर उठून वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, डागाळतो. म्हणून तर खाडाखोड रफ कागदावर आणि मग काचेवर धरून ट्रेस, हा सरांचा नियम. तू ६बी च्या मऊ काळ्या पेन्सिलने दाबून काढायचास आणि तुझं पिवळं ऊन दरवेळी ढगाळ व्हायचं, वर म्हणायचास पावसाळा आहे!

दुसरं कोळशाचं. बाह्यरेषा जवळपास नाहीच, नुसते गडद-मध्यम-उजळ असे तीन टोन, बाई भिंतीच्या अंधारात अर्धी विरघळलेली, वर चौकटी आखलेल्या. हे कॅनव्हासवर मोठं करायचं होतं, ऑइलसाठी. ऑइलमध्ये नंतर सगळं हलवता येतं म्हणून त्यांनी फक्त मासेस, म्हणजे गडद-उजळ भागांचे मोठे आकार, ठरवलेत. आता तू म्हणशील कोळसा कशाला, रंगात धूळ मिसळते, पातळ अंबर, तो तपकिरी रंग, घेऊन ब्रशनेच मांडायचं. ऑइलपुरतं मान्य, पण कोळसा फडक्याने झटकला की धूळ राहतेच किती? आणि वॉटरकलरला तुझं कधीच मान्य नव्हतं, आजही नाही.

पण खरी अडचण वेगळीच आहे रे. पेन्सिलमधली बाई बाहेर बघतेय आणि कोळशातली आत, खोलीकडे. माध्यम बदललं म्हणून तिची मान वळली, की मान वळवायची होती म्हणून सरांनी माध्यम बदललं? वॉटरकलर केलं तर चित्र उन्हाचं होईल, ऑइल केलं तर अंधाराचं. जुना चित्रकार व्हॅन आयक, त्याच्या १४३४ च्या अर्नोल्फिनी जोडप्याच्या चित्राखाली इन्फ्रारेड किरणांनी काढलेल्या फोटोत पहिलं रेखाटन दिसतं, त्यात हात-पाय वेगळ्या जागी आहेत, रंगवताना त्याने हलवले. पण तो स्वतःचं चित्र हलवत होता. मी सरांच्या बाईची मान कुठल्या हक्काने ठरवू? काकूंना विचारलं तर म्हणाल्या, तुला बरं दिसेल तसं कर. त्याने तर मला अजूनच जड झालं.

निरोपाच्या वेळी सरांनी तुला करड्या कागदावरचं याच बाईचं एक स्केच दिलं होतं, ते मला पेस्टलसाठीचं वाटतं, कारण त्यातही कोळसाच होता, शिसाच्या गुळगुळीत रेघेवर पेस्टल धरत नाही हे त्यांनी किती वेळा सांगितलं असेल. त्यात ती कुठे बघतेय ते शोधून कळव. घासू नकोस, फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा धरून ठेवणारा फवारा, मारलेलं नसेल.

छोटीचा निकाल लागला का? नवीन जागा मानवली? वहिनींना नमस्कार. फोटो पाठवशील तर दिवसा काढ, आणि कडांसकट पूर्ण कागद येऊ दे, सर कडेला काहीतरी लिहायचे.

तुझा,
बाळ्या