इसार द्यायच्या आधी

चि. लेकरास,
अनेक आशीर्वाद.

बिडकीनच्या प्लॉटचा फोटो बघितला. फोनवर मी नुसतं "बघू" म्हणालो, तर तुला वाटलं अण्णांना पैसे द्यायचे नाहीत. तसं नाही बाळा. ग्रॅच्युइटीची एफडी तुझ्यासाठीच ठेवलीय. पण आपल्या घराची गोष्ट तुला कुणी धड सांगितली नाही.

मी 1994 ला अंबाजोगाईहून संभाजीनगरजवळच्या वाळूजला आलो. 1985 ला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागं सुटे भाग करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. आमच्याकडच्या पोरांना तिथंच काम मिळायचं. रांजणगावात दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण राहायचो. शिफ्टा वेगळ्या होत्या म्हणून खोली पुरली. 2001 ला गट नंबरमधला वीस बाय तीसचा प्लॉट घेतला. 600 चौरस फूट, म्हणजे गुंठ्याच्या अर्ध्याहून थोडा जास्त. शंभराच्या बाँडवर नोटरी केली. "खरेदीखत नंतर करून देतो" म्हणाला विकणारा. तुकडेबंदीच्या कायद्यामुळं तेव्हा एवढ्याशा तुकड्याची रजिस्ट्री अडायची, हे मी कुणाला विचारलंच नाही. सातबाऱ्यावर आपलं नाव लागलं नाही, म्हणून बँकेनं दारात उभं केलं नाही. स्लॅब पडला तो तुझ्या आईच्या बोरमाळेवर.

नकाशात रस्ता वीस फुटी होता. ज्यानं त्यानं ओटा, जिना पुढं काढला आणि नऊ फूट उरला. आजीला त्या रात्री श्वास लागला तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स कोपऱ्यावरच अडली. आम्ही चौघांनी बाज उचलली. नालीवरून नेताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. ती घरी परत आली, पण त्या बोटांची पकड मला अजून जाणवते.

पाण्याचं तर तू पाहिलंस. दारात निळा ड्रम, त्यावर ऑइलपेंटनं आपलं आडनाव. टँकरचा भोंगा वाजला की आई कणकेच्या हातानंच पळायची. जायकवाडीची पाइपलाइन कारखान्यांकडं जायची आणि आपण ड्रमची राखण करायचो. 2016 च्या उन्हाळ्यात तर धरणच मृतसाठ्यात गेलं, कारखान्यांचं पाणी कापायचा आदेश हायकोर्टाच्या खंडपीठाला द्यावा लागला.

वाळूजवर माझा राग नाही. तुझी फी त्याच पगारातून गेली. आषाढीला सुट्टी मिळाली नाही तर शिफ्ट संपवून आपल्या छोट्या पंढरपूरला चालत जायचो, तेच दर्शन पुरायचं.

आता बिडकीनला टोयोटाचा, एथरचा गाड्यांचा कारखाना येणार म्हणून भाव वाढायलेत. येऊ देत, पोरांना काम लागेल. पण ऑरिकचे, म्हणजे तिथल्या सरकारी औद्योगिक वसाहतीचे, आखलेले रस्ते वेगळे आणि त्याच्या कुंपणाबाहेर चुन्याच्या रेघा मारून विकायला काढलेलं रान वेगळं. तुझा प्लॉट कुठल्या बाजूला आहे, ते फोटोत दिसत नाही.

रविवारपर्यंत इसारपावती करू नको. मी पहिल्या बसनं येतो. सातबारा, फेरफार, एनए म्हणजे बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउटची नक्कल मागून ठेव, रेराकडं प्रकल्पाची नोंदणी केल्याचा नंबरही विचार. कागद बघून झाले की शेजारच्या वस्तीवर जाऊ, तिथल्या बायांना विचारू की मे महिन्यात बोअरला किती वेळ पाणी येतं. टेप मी आणतो, रस्ता आपणच मोजू. आई डब्यात धपाटे देणार आहे, तू नुसतं दही घेऊन ये.

तुझे अण्णा