मंत्रीसाहेब, 2,117 रुपयांत म्हातारपण कसं काढायचं ते सांगा

मा. केंद्रीय श्रममंत्री साहेब,
स.न.वि.वि.

मी ईपीएस-95 चा, म्हणजे खाजगी कंपन्यांतल्या कामगारांच्या पीएफला जोडलेल्या 1995 च्या पेन्शन योजनेचा पेन्शनर, राहणार कोल्हापूर जिल्हा. पत्र लिहायचं कारण, तीन महिने झाले माझी पेन्शन जमा नाही. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो तर मशीनवर अंगठा उमटेना. कसा उमटणार, 32 वर्षं सूतगिरणीत रिंगफ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या मशीनवर तुटलेले धागे जोडून बोटांच्या रेघा झिजल्यात साहेब. चार हेलपाटे झाले, शेवटी शेजारच्या पोराने मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला काढून दिला, तरी पैसे नाहीत. काउंटरवरची मुलगी म्हणते, आजोबा वरून अडकलंय. वर म्हणजे कुठे?

आणि अडकलंय तरी किती, तर महिन्याचे 2,117. मे 2014 ला रिटायर झालो तेव्हा हाच आकडा होता, आजही हाच, कारण आमच्या पेन्शनला महागाई भत्ताच नाही. बेसिक-डीए मिळून 9,000 च्या वर गेला होता पण पेन्शन मोजली पगाराच्या 6,500 च्या लिमिटवर, कंपनीच्या पीएफच्या वाट्यातले महिन्याला 541 रुपये पेन्शन फंडात जायचे. सप्टेंबर 2014 ला तुम्ही लिमिट 15,000 केलं, म्हणजे मी चार महिन्यांनी चुकलो. त्याच वेळी किमान पेन्शन 1,000 केली, ती तिथेच आहे.

टीव्हीवर सांगतात तरुणपणापासून बचत करा. केली की! पीएफला एकदाच हात लावला, पोरीच्या लग्नाला. उरलेले 4 लाख पोस्टात सिनियर सिटिझन स्कीममध्ये आहेत, 8.2 टक्क्यांनी तीन महिन्याला 8,200 येतात. ग्रॅच्युइटी गिरणी बंद पडली त्यात बुडाली. मला बीपी आणि हिला शुगर, दोघांच्या गोळ्यांनाच महिन्याला 1,800 लागतात, मग गॅस, लाईट बिल, किराणा कशातून भरायचा? हिच्या डोळ्याचं ऑपरेशन वर्षभर पुढे ढकलतोय. उद्या मी गेलो तर हिला निम्मी पेन्शन, हजार-अकराशे. रात्री झोप लागत नाही ती याच विचाराने.

2013 ला राज्यसभेच्या भगतसिंह कोश्यारी समितीने किमान पेन्शन 3,000 द्या म्हटलं होतं. तेच कोश्यारी पुढे आमच्या राज्याचे राज्यपाल होऊन गेले पण ते 3,000 काही आले नाहीत. प्रत्येक अधिवेशनात ऐकतो, विचार चालू आहे. बुलढाण्यात आमचे लोक उपोषणाला बसले, दिल्लीला जाऊन आले, निवेदनं दिली, त्यातले किती जण आता हयात नाहीत. आणि माजी खासदाराची पेन्शन 25,000 ची 31,000 झाली, तीही एप्रिल 2023 पासून मागची धरून, महागाई वाढली म्हणून! ती महागाई आमच्या घरात येत नाही का? एका टर्मला 31,000 आणि 32 वर्षांच्या पाळ्यांना 2,117, हा कुठला न्याय? सगळे पक्ष यात एक होतात, तिथे कोणाचं भांडण नसतं.

आमची मागणी जुनीच आहे, किमान 7,500 आणि त्यावर महागाई भत्ता, नवरा-बायको दोघांना मोफत औषधोपचार. ज्यांचे अंगठे उमटत नाहीत त्यांच्या घरी माणूस पाठवा. आणि माझे तीन महिन्यांचे 6,351 रुपये या महिन्यात जमा करा, औषधवाल्याची उधारी द्यायची आहे.

आपला,
एक सूतगिरणी कामगार