आमच्या खासदाराने मत काय दिलं, हे कुठे बघायचं?

संपादक महोदय,

बरेच दिवस हे पत्र लिहायचं मनात होतं. संसदेचं अधिवेशन जवळ आलं की विषय परत वर येतो, म्हणून आज लिहूनच टाकतोय.

मी माहिती अधिकारात अर्ज करणारा माणूस आहे. रस्त्याची बिलं, पोषण आहाराचे हिशेब, कुणाची नोंद अडकली असेल तर ती, अशी कामं आम्ही चारपाच जण मिळून करतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, ३ तारखेला गुरुवारी, लोकसभेत डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक मांडलं गेलं. नावावरून मोबाईल आणि अ‍ॅपचा कायदा वाटतो, पण त्यातच शेवटाकडे कलम ४४ मध्ये माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) बदललेलं होतं. आधी कसं होतं, की ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी काही संबंध नाही किंवा जी दिल्याने कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येईल, तीच नाकारता यायची आणि व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागायची. नव्या कलमात ते सगळं गेलं, नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं. जनहिताची तरतूद ८(२) मध्ये अजून आहे हे मला माहीत आहे, पण ज्याने कधी पहिलं अपील केलंय त्याला विचारा, माहिती नाकारायची असली की अधिकारी कुठल्या कलमाला हात घालतो ते.

शनिवारी आमचे खासदार मतदारसंघात होते. आम्ही गेलो, दोन पानी निवेदन दिलं, त्या कलमाखाली पेनाने रेघ मारलेली. ऑफिसातल्या मुलाने आमच्या प्रतीवर आवकचा जांभळा शिक्का मारून दिला, तो कागद अजून माझ्या फायलीत आहे. खासदारांनी उभ्याउभ्या का होईना पण सगळं वाचलं, आणि मला विचारलं की म्हणजे अधिकाऱ्याच्या मालमत्तेची माहितीसुद्धा मिळणार नाही का. म्हटलं, साहेब, आमची भीती तीच आहे. म्हणाले, बघतो.

सोमवारी ७ तारखेला विधेयक लोकसभेत आवाजी मतदानाने, म्हणजे बाकांवरून नुसतं हो-नाही म्हणून, मंजूर झालं, ९ तारखेला राज्यसभेत. मांडल्यापासून सातव्या दिवशी दोन्ही सभागृहांतलं काम संपलं. मधे समितीकडे गेलं नाही काही नाही.

मी त्यांच्या पीएला फोन केला. तो म्हणाला, काका, पक्षाची लाइन ठरलेली असते, साहेब एकटे काय करणार. बरं, मग साहेबांनी हो म्हटलं की नाही म्हटलं, एवढं तरी सांग. तर म्हणे, आवाजी होतं ना, त्याची कुठे नोंद असते.

तो मुलगा खोटं बोलत नव्हता, आणि त्याचं म्हणणं खरं आहे हेच मला झोंबलं. लोकसभेत एकेका मतदारसंघात सरासरी सतरा-अठरा लाख मतदार येतात. एवढ्या लोकांनी उन्हात रांगा लावून एक माणूस पाठवायचा आणि तो तिथे बाकावर बसून हो म्हणाला की नाही हे त्यांना कधीच कळू नये, याला प्रतिनिधित्व कसं म्हणायचं?

मतविभाजन झालं तर नोंद होते. सदस्य बटण दाबतात, बोर्डावर आकडा येतो, आणि कुणी बाजूने, कुणी विरोधात याची नावं कामकाजाच्या अहवालात छापली जातात. पण त्यासाठी सभागृहात कुणीतरी मतविभाजन मागावं लागतं. कृषी कायद्यांचं काय झालं आठवा. २०२० च्या सप्टेंबरमध्ये दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानाने मंजूर, आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच तीन कायदे एका दिवसात, चर्चेशिवाय, परत आवाजीनेच रद्द. शेतकऱ्यांच्या मतांवर निवडून आलेला कुठला खासदार तेव्हा काय म्हणाला आणि नंतर काय म्हणाला, याचा कागद नाही. मी त्या कायद्यांच्या बाजूचा का विरोधातला हा प्रश्न इथे नाहीच, ज्यांना ते हवे होते त्यांनाही त्यांच्या खासदाराचं मत कळलेलं नाही.

आणि मतविभाजन झालं तरी पुढे व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, आहेच. १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि घटनेत दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आला. १९६७ मध्ये हरियाणात गया लाल या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, तिथपासून 'आयाराम गयाराम' सुरू झालं होतं, ते थांबवायला काहीतरी हवंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण कायदा करताना असा केला, की पक्षाचा आदेश मोडून मत दिलं किंवा गैरहजर राहिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर थेट सदस्यत्वच जाऊ शकतं. मग मतदान सरकार पडण्याचं असो की एखाद्या विधेयकातल्या एका उपकलमाचं असो, व्हीप निघाला की सगळं सारखंच. उलट पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य मिळून दुसऱ्या पक्षात गेले तर विलीनीकरण म्हणून वाट मोकळी. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत प्रतोद (व्हीप काढणारा पक्षाचा माणूस) कुणाचा खरा यावर सुप्रीम कोर्टापर्यंत काय काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्यात जात नाही. माझं दुखणं वेगळं आहे, एकट्याने, एका कलमावर, मतदारांचं ऐकून 'नाही' म्हणणाऱ्या माणसाला या कायद्याने जागाच ठेवलेली नाही.

व्हीप नसला तर सरकार चालणार कसं, असं लोक विचारतात. ब्रिटनचं बघा, आपण पद्धत तिथूनच घेतली. १५ जानेवारी २०१९ ला तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार, २०२ विरुद्ध ४३२ ने पडला, त्यांच्याच पक्षाचे ११८ खासदार विरोधात गेले. दुसऱ्या दिवशी अविश्वास ठराव आला तेव्हा पक्ष सरकारच्या मागे उभा राहिला आणि सरकार ३२५ विरुद्ध ३०६ ने वाचलं. विरोधात मत दिलं म्हणून त्या ११८ पैकी कुणाची खासदारकी गेली नाही. पक्ष चिडला तर तिथेही पक्षातून काढतो, पण लोकांनी दिलेली जागा पक्षाला काढून घेता येत नाही.

आपल्याकडेही हे कुणाला सुचलं नाही असं नाही. निवडणूक सुधारणांवरच्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सांगितलं होतं, की अपात्रतेची तलवार फक्त विश्वास-अविश्वासाचा ठराव, अर्थविषयक विधेयक आणि अभिभाषणावरचा आभार प्रस्ताव एवढ्यापुरती ठेवा. सुप्रीम कोर्टाने १९९२ च्या किहोतो होलोहन खटल्यात कायदा मोठ्या भागात टिकवला, पण व्हीपच्या वापराला मर्यादा हवी असंही म्हटलं. विधी आयोगाच्या १९९९ च्या अहवालातही तेच. इतकी वर्षं झाली, दहाव्या परिशिष्टातला तो परिच्छेद २(१)(ख) आहे तिथेच आहे.

खासदार मोकळेपणाने बोलला तर काय होतं हे या देशाने पाहिलेलं आहे. १९५७ च्या डिसेंबरमध्ये फिरोज गांधी यांनी उद्योगपती हरिदास मुंध्राच्या कंपन्यांमध्ये एलआयसीचे सव्वा कोटीच्या आसपास रुपये कसे गेले हे लोकसभेत विचारलं. स्वतः सत्ताधारी काँग्रेसचे, पंतप्रधानांचे जावई. न्यायमूर्ती छागला यांच्यासमोर या प्रकरणाची चौकशी मुंबईत उघडपणे चालली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सरकार पडलं नाही, पॉलिसीधारकांच्या पैशाचा हिशेब मात्र मागितला गेला. प्रश्न विचारायला व्हीप आजही लागू नाही हे खरं, पण प्रत्येक मतदानात मान खाली घालायची सवय लागलेला माणूस प्रश्न तरी किती जोराने विचारेल?

म्हणून माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. गोस्वामी समितीने म्हटलं तेवढ्यापुरताच व्हीप बंधनकारक ठेवा, आणि विधेयकाच्या अंतिम मंजुरीला प्रत्येक वेळी नावानिशी मतदान घ्या. बटणं बसवलेली आहेत, मशीन आहे, काही मिनिटांचं काम आहे.

आणि तुमच्याकडे एक विनंती. अधिवेशन काळात जेव्हा मतविभाजन होईल तेव्हा आपल्या ४८ खासदारांपैकी कोण बाजूने, कोण विरोधात, कोण गैरहजर, एवढी एक चौकट छापा. आवाजी मतदान असेल तर तीच चौकट छापा आणि नावांपुढची जागा कोरी ठेवा. मी ती कापून आवकचा शिक्का मारलेल्या निवेदनाला टाचणी लावून खासदारांच्या ऑफिसात नेऊन देईन.

आपला,
एक नियमित वाचक