यंदा गणपतीला येत नाही

मानखुर्द, मुंबई
नागपंचमीचा दुसरा दिवस

तीर्थरूप अण्णा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

यंदा गणपतीला मी येत नाहीये. फोनवर सांगणार होतो, पण आईचा आवाज ऐकला की मी "बघतो, रजा मिळते का" म्हणतो आणि मग तुम्ही दोघं महिनाभर वाट बघत बसता. म्हणून लिहून कळवतोय. माझं ठरलंय. ताईला आधीच सांगितलंय, ती आणि भाऊजी दोन दिवस लवकर येतील. गणपतीवरची माटवी बांधायला भाऊजी आहेत, अण्णांनी शिडीवर चढायचं नाही.

शिमग्याला काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. अण्णा, तुम्ही म्हणालात, "एक नशा सोडलीस नि दुसरी धरलीस, ही गोळी इथे चालायची नाही." मी मान हलवली आणि गोळी न घेता चार दिवस राहिलो. तिसऱ्या रात्री पालखी दारात आली तेव्हा मी पडवीत गोधडी घेऊन कुडकुडत होतो. नाकातून पाणी, पोटात कळा, पाय एका जागी ठरत नव्हते. आईला वाटलं वडे बाधले. आई, वडे नाही बाधले. गोळी एकदम बंद केली की अंग असं करतं, इथे त्याला टर्की म्हणतात. मुंबईत उतरलो तेव्हा पाय आधी जुन्या पुलाखालीच वळले होते. तिथे किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही. मग व्यसनमुक्तीच्या सेंटरवर गेलो.

ही गोळी नशेसाठी नाही, अण्णा. गर्द, म्हणजे हेरॉइन, मेंदूत ज्या जागी बसतो त्याच जागी ती बसते, पण झिंग आणत नाही आणि तलफही उठू देत नाही. रोज सकाळी नऊला सेंटरच्या बाकावर बसतो. सिस्टर गोळीची पूड करून जिभेखाली ठेवतात. कडू असते. ती विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही, समोरच्या घड्याळाकडे बघत राहायचं. मग सिस्टर म्हणतात, "आ करा." तोंड तपासतात आणि वहीत सही घेतात. तिथून मी कामावर जातो. पूर्वी सकाळी उठल्याबरोबर पैसे कुठून आणायचे एवढं एकच डोक्यात असायचं. आठ महिने झाले, सुई नाही.

ती एकदम बंद करून मी घरी आलो तर तुम्हाला आठ दिवस बरं वाटेल. पण माझ्या खोलीतला एक मुलगा असाच गावी गेला होता. तीन महिने स्वच्छ राहिला. परत आला आणि पहिल्याच दिवशी पूर्वीएवढंच घेतलं. शरीराची सवय उतरलेली असते, अण्णा, जुनं माप झेपत नाही. श्वास मंद होत होत थांबतो. त्याच्या वडिलांना फोन मी केला होता. म्हणून डॉक्टर सांगतील तोवर गोळी घेणार, मग वर्ष लागो नाहीतर तीन. यावर आपण वाद नको घालूया.

आता जे सांगायचं राहिलंय ते. गेल्या दिवाळीनंतरचा ताप टायफॉइडचा नव्हता. सुईतून जंतू रक्तात गेले आणि हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेवर बसले. तिथून त्यांचे कण फुप्फुसात जात होते, म्हणून खोकल्यातून रक्त पडायचं. सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक चालू होतं. हाताची एकही नस सापडेना, शेवटी मानेत नळी घातली. आई, तू "येते" म्हणालीस आणि मी "टायफॉइडला कशाला येतेस" म्हणून फोन ठेवला. त्या रात्री उशी तोंडावर घेऊन रडलो. वॉर्डात माझ्या खाटेला लोक "गर्दुल्ल्याची खाट" म्हणायचे. ते तू ऐकावंस असं मला नको होतं. आता झडप ठीक आहे, इको झालाय, थोडी गळते पण औषधाची गरज नाही. फक्त दाढ काढायची झाली तर आधी अँटिबायोटिक घ्यायचं. तेव्हा दाढेवरून मला घाई करू नकोस.

डावा पाय तू शिमग्याला बघितलासच, लपवायला जमलं नाही. जांघेतल्या शिरेत गुठळी झाली होती, त्याची सूज पूर्ण जाणार नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या संपल्या. दिवसभर घट्ट मोजा घालतो, रात्री पायाखाली दोन उशा घेतो. घोट्याजवळची जखम रुपयाएवढी होती ती आता शेंगदाण्याएवढी उरलीय. ड्रेसिंग करताना दर वेळी मागचं अंगण आठवतं. पायात काटा मोडला की तुम्ही मला पायरीवर बसवायचात, चिमणीच्या ज्योतीवर सुई लाल करायचात, फुंकर घालायचात, आणि मग "आकाशात घार बघ" म्हणायचात. काटा काढायलासुद्धा तुम्ही सुई इतकी जपलीत, अण्णा. आणि मी दुसऱ्याने वापरलेली घेतली.

त्यातूनच हिपॅटायटिस सी झालाय. एचआयव्हीची तपासणी दोनदा केली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. देवाजवळ दिवा लावायचा असेल तर त्याबद्दल लाव, आई. ही लिव्हरची लागण वर्षानुवर्षं गप्प बसते, डोळे पिवळे होतातच असं नाही. पण ती बरी होते. 2018 पासून सरकारी कार्यक्रमात औषध फुकट मिळतं, रोज दोन गोळ्या, 84 दिवस. शंभरातले पंचाण्णवच्या आसपास बरे होतात. दीपअमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सुरू केल्यात, आज सहावा दिवस. वसुबारसेच्या आसपास संपतील. तोवर एकही दिवस चुकवायचा नाही, आणि सेंटरवरची गोळी मला अजून घरी न्यायला देत नाहीत. गणपतीला न यायचं कारण हेच आहे, दुसरं काही मनात आणू नका. तब्येत अशीच राहिली तर दिवाळीला दोन-तीन दिवसांचा डोस बरोबर देऊ म्हणालेत.

आता कसं सांगू कळत नाही, पण सांगतो. शिमग्याला पालखीच्या सकाळी मी अण्णांच्या रेझरने दाढी केली होती. हनुवटीला कापलंही होतं. तपासणीचा कागद तेव्हा माझ्या बॅगेत होता. आठवलंच नाही. इथे परत आल्यावर एका रात्री आठवलं आणि तेव्हापासून झोप उडाली.

छातीत धडधडतं ते तेव्हापासून वाढलंय. आधीही होतं. जरा अंग गरम लागलं की वाटतं झडपेचा ताप परत आला. लोकलमध्ये श्वास पुरत नाही, हात बधिर होतात. तीनदा रात्री कॅज्युअल्टीत गेलो, तिन्ही वेळा ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ही भीती खोटी नाही, पण हा हृदयाचा आजार नाही. इतकी वर्षं गर्दने दाबून ठेवलेलं शरीर आता जराशा कारणाने दचकतं. सकाळी त्यासाठी वेगळी गोळी सुरू आहे, तिचा गुण यायला महिना लागला. आता धडधड आली की चपला काढतो, पाय थंड फरशीवर टेकवतो आणि सावकाश श्वास सोडतो. बऱ्याचदा दहा मिनिटांत उतरते. आई, अण्णांच्या झोपेच्या गोळ्या डब्यातून पाठवू नकोस. माझ्या गोळीबरोबर त्या घेतल्या तर झोपेत श्वास मंदावू शकतो. मागच्या वेळच्या चार मी सिस्टरकडे देऊन टाकल्या.

तर अण्णांनी एकदा रक्त तपासून घ्यायचं. रेझरमुळे लागण व्हायची शक्यता फार थोडी आहे, डॉक्टरांना दोनदा विचारलं. तरी घ्यायचं. आईनेही घ्यायचं. 1994 च्या ऑपरेशनला तुला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं आणि तेव्हा या आजारासाठी रक्त तपासायची सक्ती नव्हती. कुणी विचारलंच तर ऑपरेशनचं कारण सांगा, माझं नाव काढायची गरज नाही. जिल्हा रुग्णालयात फुकट होते. एकत्र जेवल्याने, भांड्यांनी, जवळ घेतल्याने हे लागत नाही, त्यामुळे माझं ताट वेगळं काढायचं आत्याने सुचवलं तर ऐकू नका. अण्णांनी बीपीची गोळी उपासालाही घ्यायची. आणि बुवाकडची पुडी माझ्या नावाने आणू नका.

आई, तू विचारतेस, आपल्याच घरी का? 2019 च्या सरकारी पाहणीत देशात साडेआठ लाख माणसं सुईने नशा करतात असं निघालं. तेवढी घरं आहेत, आई. तुझ्या हातून काही राहिलं म्हणून नाही झालं हे. पाटल्यांचा विषय मी या पत्रात काढत नाही, समोर बसून काढेन.

माझी काळजी करू नका. खोलीत पंखा आहे, मच्छरदाणी आहे, पाणी दोन वेळा येतं. समोरच्या मावशी डबा देतात, उकड्या तांदळाची पेज मागितली तर शनिवारी करून देतात. काम बसून आहे. वजन पाच किलो वाढलंय.

ताईबरोबर अण्णांना नवा रेझर पाठवतोय. जुना कागदात गुंडाळून, डब्यात बंद करून टाकून द्या. ब्लेड हाताने काढायला जाऊ नका, आई तर मुळीच नको. चतुर्थीला आरतीच्या वेळी ताईचा फोन देव्हाऱ्याजवळ ठेवा, मी इथून ऐकेन. रक्ताचा रिपोर्ट आला की आधी मला कळवा. कितीही वाजले असले तरी.

तुमचा,
बाळू